घरमा कोन शे?

कुठलाही नवा सर्किट बोर्ड चालू करण्याआधी नाना स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं टेबलावर दोनदा ठकठक करायचे, मान जराशी कलती करायचे आणि विचारायचे, "घरमा कोन शे?"

बोर्ड काही उत्तर द्यायचा नाही. तरी नाना क्षणभर थांबायचे, आतून कुणी कडी काढायला येतंय का ते ऐकल्यासारखे. मग बटण दाबायचे.

पहिल्या दिवशी हे पाहिलं आणि मी मनात म्हणालो, म्हातारबुवांचा एखादा फ्यूज उडालेला दिसतो. तुम्ही असतात तर तुम्हीही हेच म्हणाला असतात. फरक एवढाच, की तुम्ही ते मनात ठेवलं असतंत. मी दुपारी डबा खाताना सगळ्यांना नक्कल करून दाखवली, आणि नाना माझ्या मागंच उभे होते.

"ठोकनं जमनं तुले," ते म्हणाले. "आयकनं राही गयं."

नाना बोलायचे शिंदखेड्याकडची अहिराणी; 'घरमा कोन शे' म्हणजे घरात कोण आहे. रागावले किंवा घाबरले की मात्र एकदम शाळामास्तरासारख्या शुद्ध मराठीत यायचे. त्यामुळं नानांनी शुद्ध मराठी सुरू केली, की आमच्या शेडमधले सगळे न सांगता कामाला लागायचे. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर कुठूनतरी आवाज येईल, "मनी पाटी लाई दिन्ही का रे?" म्हणजे, माझी पाटी लावून दिलीस का?

शेड म्हणजे जळगावच्या एमआयडीसीतली एक पत्र्याची शेड. तिथं आम्ही केळी पिकवायच्या चेंबरचे कंट्रोलर बनवायचो. यावल-रावेरकडची केळी हिरवी कापतात आणि गार, हवाबंद खोलीत भरून पिकवतात. पिकताना केळी श्वास घेतात, आपल्यासारखाच. आत खराब हवा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, साचत जाते. ती मोजायची, एक टक्क्याच्या वर गेली की दारावरचा हिरवा दिवा लाल करायचा आणि पंखा लावून ती बाहेर फेकायची, हे आमच्या मशीनचं काम. दिवा हिरवा असेल तर माणसानं आत जावं. लाल असेल तर जाऊ नये. एवढं सोपं.

आता थोडं यंत्राच्या पोटातलं सांगतो. घाबरू नका, मलाही एवढंच कळतं.

कंट्रोलरमध्ये एक छोटा संगणक असतो. वीज मिळाली की त्याचा कर्नेल, म्हणजे त्या घराचा कारभारी, जागा होतो. हा कारभारी दर वेळी नव्यानं जन्मल्यासारखा उठतो. आपल्या घरात कोण कोण राहतं हे त्याला ठाऊक नसतं. यूएसबीला लावलेली वस्तू विचारलं की स्वतःचं नावगाव सांगते. पण बोर्डावर डकवलेले साधे सेन्सर मुके. ते फक्त आकडे देतात, आपण कोण ते सांगत नाहीत. म्हणून एक यादी लिहून ठेवावी लागते, आणि फर्मवेअर, म्हणजे यंत्रात आधीच भरलेला छोटा प्रोग्राम, ती यादी कारभाऱ्याच्या हातात देतं: अमक्या पत्त्यावर तमक्या नावाचा सेन्सर राहतो. कारभारी ते नाव घेऊन आपल्याकडच्या ड्रायव्हरांमध्ये, म्हणजे एकेका सेन्सरची भाषा कळणाऱ्या दुभाष्यांमध्ये, फिरतो. ज्याच्या पाटीवर अक्षर न् अक्षर तेच नाव असेल, त्याची आणि सेन्सरची गाठ बांधून देतो. त्या पत्त्यावर खरंच कोण बसलंय, हे पाहायला तो स्वतः जात नाही. यादीवर त्याचा पूर्ण विश्वास.

ही यादी लिहिणं हे नानांचं काम. साठी ओलांडल्यावर शिकले. मी कॉलेजात शिकून विसरलो होतो, आणि त्यांच्या हाताखाली होतो.

खरं तर यादीचं काम त्यांनी जन्मभर केलं होतं. टेलिफोन खात्यात होते, दोंडाईचा, शिंदखेडा, आसपासची गावं. खांबावरच्या डब्यात तारांची जत्रा आणि वहीत यादी: ही जोडी डॉक्टरांची, ही गिरणीची, ही सरपंचांची. "वही खोटं बोलत नई," नाना म्हणायचे. "वही लिखनारले जेवाले जावानी घाई ऱ्हास."

एकदा डबा खाताना त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. अर्धीच. शिंदखेड्याला वहीत पाहून त्यांनी डॉक्टरांची म्हणून एक जोडी जोडली. ती निघाली पिठाच्या गिरणीची. त्या दिवशी एका घरातून डॉक्टरांना फोन लागला आणि घंटी गिरणीत वाजत राहिली. जात्याच्या घरघरीत कुणाला ऐकूही आली नाही.

"मग?" मी विचारलं.

नानांनी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा हातातला तुकडा परत डब्यात ठेवला. "मंग काय. मंग मी दार ठोकाले शिकनू."

त्या घरात काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. मला त्यांच्या तोंडाकडं पाहून पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा.

हवेच्या सेन्सरचं दार ठोकायची त्यांची रीत म्हणजे फुंकर. माणसाच्या उच्छ्वासात ती खराब हवा चार टक्क्यांच्या आसपास असते. सेन्सरवर एक लांब फुंकर मारायची आणि पडद्यावर आकडा चारच्या जवळ चढतो का पाहायचं. चढला तर यादीत लिहिलाय तोच घरात आहे. नाना प्रत्येक बोर्डावर फुंकर मारायचे, लहान मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर मारतात तशी, आणि आकडा मोठ्यानं म्हणायचे. "च्यार पूर्नांक एक! घरमाच शे!"

त्या उन्हाळ्यात जुना सेन्सर मिळेनासा झाला. नवा आला. त्याच कंपनीचा, जुळा भाऊ म्हणावा असा. फरक एकच. जास्त खराब हवा मोजता यावी म्हणून तो आकडा देताना शेवटचं शून्य गिळायचा. ऐकणाऱ्यानं त्याला दहानं गुणायचं. हा गुणाकार करणारा ड्रायव्हर वेगळा होता.

यादी करायला नानांनी मला सांगितलं. माझी पहिली स्वतंत्र यादी. यादीत एका वस्तूची एकाहून जास्त नावं लिहायची सोय असते. आधी तिचं खरं नाव, मग ती ज्याच्यासारखी आहे त्याचं. आपण पाहुण्याची ओळख करून देतो ना, हा अमक्याचा मुलगा, नाही ओळखलं तर तमक्याचा साडू, तसंच. मी नव्या सेन्सरचं नाव लिहिलं आणि पुढं, असू द्यावं म्हणून, जुन्याचंही लिहिलं. दिसतात तर सारखेच. मग नवा ड्रायव्हर मशीनमध्ये घालायचा, ते मी विसरलो.

कारभाऱ्यानं पहिलं नाव वाचलं. त्या नावाचा ड्रायव्हर त्याच्याकडं नव्हताच. त्यानं दुसरं नाव वाचलं. जुना ड्रायव्हर हात वर करून उभा होता. गाठ बांधली गेली. तक्रार नाही, लाल अक्षरं नाहीत, कुठं काही अडलं नाही. त्या सुरळीतपणाची आज मला भीती वाटते. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता.

शनिवार होता. नाना दर शनिवारी दुपारच्या पॅसेंजरनं दोंडाईच्याला घरी जायचे. पिशवी खांद्याला लावून ते दारात थांबले.

"फुंकर मारी का?"

"मारली, नाना."

"आकडा बराबर?"

"एकदम बरोबर."

फुंकर मी मारली होती, हे खरं. एका हातात मोबाईल, समोरून धुळ्याचा मित्र बोलतोय, आणि मध्येच मी सेन्सरवर फू केलं. आकडा शून्यावरून हलला एवढं मला दिसलं. कितीवर गेला ते मी पाहिलं नाही. कुणाच्या दारावर टकटक करावी आणि उत्तर यायच्या आत पुढच्या घरी जावं, तसं.

नानांनी रजिस्टर मागवलं आणि 'तपासलं' या रकान्यात स्वतःची सही केली. स्वतः फुंकर न मारता केलेली त्यांची ती एकच सही. माझ्या शब्दावर.

रविवारी मी यावलजवळच्या एका चेंबरवर तो कंट्रोलर बसवून आलो. संध्याकाळी त्यांनी केळी भरली.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीआधी तिथल्या सुपरवायझरचा, गोविंदभाऊंचा, फोन आला. खुश होते. "इंजिनेरसाहेब, तुमचं मशीन तं लयच भारी आहे हो! पहिलं मशीन दिवसभर पंखा फिरवत राहे. याचा पंखा परवापासून एकडाव बी नाही लागला!"

मी फोन ठेवला आणि कॉलर ताठ करून नानांकडं गेलो. "नाना, यावलवरून कौतुकाचा फोन होता. दोन दिवसांत पंखा एकदाही लागला नाही."

नाना बोर्डाला टाका मारत होते. त्यांचा हात थांबला.

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही!"

"खोली भरलेली आहे?"

"पूर्ण."

"मग केळी श्वास घेत नाहीत काय?"

शुद्ध मराठी. मी घाबरलो ते त्या वाक्याच्या अर्थानं नव्हे, त्याच्या व्याकरणानं.

फळीवर त्याच लॉटचे चार बोर्ड होते. नानांनी एक ओढला, चालू केला. टेबलावर ठकठक करायला ते विसरले. मी त्यांना विसरताना पाहिलं. लांब फुंकर मारली. आकडा शून्यावरून चढला. शून्य पूर्णांक दोन. तीन. चार. तिथं थांबला.

चार हवे होते. शून्य पूर्णांक चार आले.

"तिथं पडद्यावर आत्ता किती आहे?" नानांनी विचारलं.

हे मला ठाऊक होतं, कारण गोविंदभाऊंनी कौतुकानं तेही सांगितलं होतं. शून्य पूर्णांक सात.

म्हणजे सात. सात टक्के. दारावर हिरवा दिवा. आणि केळी किती पिकली ते पाहायला दोन वाजता बाई आत जाते, रमीलाबाई, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून कामाला येते. रविवारी तिनं मला पाणी दिलं होतं. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

गोविंदभाऊंना फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा घंटी.

"दुसरा नंबर बघ. फॉर्मवर असतो," नाना म्हणाले.

कंट्रोलर बसवताना आम्ही एक फॉर्म भरून आणायचो. त्यात संपर्कासाठी दोन नंबर लागत. मी कागद काढून त्यांच्यापुढं धरला, त्यांनी दुसरा नंबर दाबला, कानाला लावला. आणि माझा खिसा वाजायला लागला.

रकाना रिकामा राहू नये म्हणून रविवारी मी तिथं माझाच नंबर टाकला होता.

नाना माझ्या खिशाकडं पाहत राहिले. मी फोन काढून बंद केला. आयुष्यात मी अनेकदा हास्यास्पद दिसलो आहे, पण हसायला कुणी नसताना कधी नव्हतो दिसलो.

शेडमालक बाहेरगावी, गाडी त्यांच्याबरोबर. माझी मोटरसायकल होती. नाना मागं बसले. वैशाखातलं जळगावचं ऊन म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. रस्त्याचं डांबर चकाकत होतं, तोंडावर भट्टीचं दार उघडावं तशी हवा येत होती. नाना मागं सतत फोन लावत होते. दर वेळी घंटी संपली, की माझ्या खांद्यावर बोटानं दोनदा ठोकायचे. म्हणजे, उचलला नाही. तापीच्या पुलापर्यंत त्यांनी चौदा वेळा ठोकलं. मी मोजत होतो, कारण दुसरं काहीही मनात येऊ द्यायचं मला धाडस नव्हतं.

पूल ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या. हिरव्यागार, गार सावलीच्या. मला त्या बागा श्वास घेतायत असं वाटायला लागलं. एक माणूस रस्त्यात बैल घेऊन आडवा आला, मी ब्रेक मारला, नाना माझ्या पाठीवर आदळले. "सावकाश चालव," ते कानाशी म्हणाले. "आपण पोचलो पाहिजे." मला त्यांनी एवढंही शुद्ध बोलू नये असं वाटत होतं.

पोचलो तेव्हा दोन वाजून पाच मिनिटं. आवारात कुणी नाही. काम करणारे जेवायला गेलेले. चेंबरचं जाड दार लावलेलं. वर दिवा, हिरवागार, नव्या पानासारखा. आणि दाराशी बाईच्या चपला. निळ्या पट्ट्याच्या, टाचेला झिजलेल्या, व्यवस्थित शेजारी शेजारी ठेवलेल्या.

नाना दाराशी गेले. मुठीनं दोनदा ठोकलं. "घरमा कोन शे?"

ओरडले नाहीत. नेहमीच्याच आवाजात, बोर्डाला विचारायचे तसं. मी जन्मात ऐकलेला सगळ्यात भयानक आवाज तो.

उत्तर नाही.

नानांनी खिशातून फोन काढला आणि गोविंदभाऊंचा नंबर पुन्हा लावला. मला कळेना, आता कशाला. मग मला ऐकू आलं. दाराच्या आतून. जाड दारामागून, दबलेली, बारीक, मोबाईलची घंटी.

मी दाराच्या दांड्याला झोंबलो. दार उघडलं आणि आतला गोडसर, जड वास अंगावर आला. मी आत पाऊल टाकणार तोच नानांनी मागून माझी कॉलर धरली. "थांब! एकाला काढायला गेलेला दुसरा आत पडतो. आधी पंखा." बाहेर पंख्याचा हाताचा खटका होता. त्यांनी तो ओढला. पंखा दोन दिवसांनी पहिल्यांदा फिरला. नानांनी दारात उभं राहून छाती भरून श्वास घेतला, गाल फुगवले, पोहायला उडी मारणाऱ्या पोरासारखे, आणि आत शिरले.

गोविंदभाऊ पहिल्याच रांगेपाशी पडले होते. नानांनी पायांना धरून ओढत आणलं, उंबऱ्यापाशी मी काखेत हात घातले. बाहेर फरशीवर ठेवलं. ओठ निळसर. मी त्यांच्या तोंडापाशी कान नेला. काही क्षण काहीच नाही. मग एक मोठा, खरखरीत श्वास आला, बुडालेली बादली विहिरीतून वर यावी तसा.

"नाना, आहे! श्वास आहे!"

मी मान वर केली तर नाना नव्हते.

ते चपलांकडं पाहून परत आत गेले होते. या वेळी थांबून छाती भरून घेतली नव्हती. वेळ कुठं होता? चपला दारात आहेत, म्हणजे बाई आत आहे. आतून क्रेट सरकवल्याचा आवाज आला. मग दुसरा. मागच्या रांगेचा. मग नाही.

"नाना!" मी ओरडलो. "नाना, बाहेर या!"

"कुनाले शोधता, भाऊ?"

मागं रमीलाबाई उभी होती. अनवाणी.

मी चपलांकडं बोट केलं. ती गोविंदभाऊंकडं पाहून किंचाळली, आणि मग रडत एका दमात सगळं बोलून गेली. सकाळी आत गेली तेव्हा छातीवर कुणी बसल्यासारखं झालं, डोकं गरगरलं. तिनं गोविंदभाऊंना सांगितलं. ते म्हणाले, दिवा हिरवा आहे, इंजिनेरनं नवं मशीन लावलंय, नखरे करू नको. तिला काम हवं होतं आणि आत जायची भीती वाटत होती. मग दोनला आत जावं लागू नये म्हणून तिनं जेवणाच्या सुट्टीआधीच चपला दाराशी काढून ठेवल्या, म्हणजे आत आहे असं वाटेल, आणि मागच्या लिंबाखाली जाऊन बसली. बऱ्याच वेळात ती दिसली नाही म्हणून गोविंदभाऊ तिला पाहायला आत गेले असावेत. दिवा हिरवाच होता.

मी हे सगळं ऐकलं ते पळता पळता. किती पावलं आत गेलो ठाऊक नाही, पाच असतील, सात असतील. नाना मागच्या रांगेत गुडघ्यांवर होते, एक हात क्रेटच्या मागं घालून चाचपत होते. कुणीच नसलेल्या जागेत. मी त्यांना धरून ओढलं तर माझ्याशी झटापट करायला लागले. "आहे ती. आत आहे. चपला आहेत."

"नाही नाना, बाहेर आहे! बाहेर आहे ती!"

फरशीवर बसून ते बराच वेळ नुसते धापा टाकत राहिले. रमीलाबाईनं त्यांना पाणी दिलं. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, तिच्या अनवाणी पायांकडं पाहिलं, चपलांकडं पाहिलं, आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता खोकला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी.

"जन्मभर मी कोनी पाटी मानी नई," ते म्हणाले. "आनि आज चपला मान्यात."

अहिराणी परत आली होती. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो, आवारात जेवून परतलेल्या सगळ्या माणसांसमोर.

गोविंदभाऊंना यावलच्या दवाखान्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी ते घरी गेले. रमीलाबाईला कुणी कामावरून काढू नये हे नानांनी तिथंच उभं राहून, अगदी शुद्ध मराठीत, चेंबरच्या मालकाला ऐकवलं.

आता मी तुम्हाला माझी सगळ्यात मोठी चूक सांगतो. तुम्हाला वाटत असेल, ती सांगून झाली. नाही.

दुसऱ्या दिवशी शेडमालकांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. रजिस्टर उघडलं. "तपासणी कुणाची?"

"मनी सही शे," नाना म्हणाले. "मनी चूक."

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. मी टेबलाच्या कडेकडं पाहिलं. फुंकर मारली का असं नानांनी मला विचारलं होतं, आणि मी हो म्हणालो होतो, हे सांगायला मला दोन वाक्यं लागली असती. नोकरीला पाच महिने झाले होते. धुळ्याला घरी मी बढाया मारून ठेवल्या होत्या. मी एकही वाक्य बोललो नाही. नाना खोकत बाहेर गेले, आणि जाताना माझ्या खांद्यावर बोटानं दोनदा ठोकून गेले. मोटरसायकलवर ठोकत होते तसंच. उचलला नाही.

त्यानंतर नाना महिनाभर आले. यादी त्यांनी दुरुस्त केली, चारही बोर्डांवर माझ्याकडून फुंकर मारून घेतली, आकडा माझ्याकडून मोठ्यानं म्हणून घेतला. मला एका शब्दानं बोलले नाहीत. पण शेडच्या तीन पायऱ्या चढल्यावर आता ते थांबायचे. सोमवारची पॅसेंजर एकदा चुकली, मग दोनदा. मग यायचेच बंद झाले. डॉक्टर म्हणाले, छाती आधीपासूनच नाजूक होती, चेंबरचा काही संबंध नाही. असेल तसंच. मी त्या डॉक्टरांना पुन्हा विचारायची हिंमत केली नाही, कारण 'नाही' हे उत्तर मला हवं होतं आणि ते माझ्याकडं होतं.

दोंडाईच्याला जायचं मी दर शनिवारी ठरवायचो. ती दोन वाक्यं त्यांच्यासमोर बोलायची, एवढंच काम. पहिल्या शनिवारी पाहुणे होते. दुसऱ्या शनिवारी बोर्ड पाठवायचे होते. पुढच्या शनिवारांची कारणं मला आता आठवतही नाहीत, इतकी ती महत्त्वाची होती.

थंडी पडायला लागली तेव्हा एकदाचा गाडीत बसलो. स्टेशनवरून विचारत विचारत गल्ली सापडली. निळं दार. दारावर पितळेची पाटी, नाना स्वतः घासत असणार अशी लखलखीत, तीवर त्यांचं पूर्ण नाव आणि खाली 'टेलिफोन खाते'. मला हायसं वाटलं. मी बोटानं दोनदा ठोकलं. मान कलती केली. थांबलो.

पुन्हा ठोकलं.

शेजारच्या ओट्यावर एक अक्का वाटाणे सोलत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"कोनाकडे उनात, भाऊ?"

मी पाटीकडं बोट केलं.

"नाना तं गया ना," त्या म्हणाल्या. "पंधरा दिन व्हयनात. पाटी तशीच शे. कोन काढई?"

मी तरीही तिथं उभा राहिलो. अक्कांनी दोनदा चहा विचारला.

सोमवारी मालकांपुढं जाऊन मी ती दोन वाक्यं बोललो. त्यांनी विचारलं, "आता कशाला सांगतोस?" मी माझ्या टेबलाशी परतलो. मग मी त्या सेन्सरची यादी उघडली. यादीत माणसांसाठी टिपा लिहायची सोय असते. कारभारी त्या ओळी वाचत नाही, सोडून पुढं जातो. तिथं नानांची टीप होती: 'तपासणी चुकली, माझी सही.' मी तिच्याखाली लिहिलं, काय झालं होतं ते, माझ्या नावानं.

आता माझ्या हाताखाली दोघं आहेत. मी बोर्ड चालू करण्याआधी टेबलावर ठोकतो तेव्हा ते एकमेकांकडं पाहतात, हे मला दिसतं. परवा त्यातला एक डबा खाताना माझी नक्कल करत होता. चांगली करतो. मी मागं उभा होतो.

मग फुंकर मारतो. लांब, छाती रिकामी होईपर्यंत. आकडा चढतो, चारच्या जवळ जाऊन थांबतो. मी तो मोठ्यानं म्हणतो, सही करतो. तिथं काम संपतं. पण मी पडद्यावरून नजर काढत नाही. श्वास विरतो तसा आकडा उतरायला लागतो. तीन. दोन. एक. मग टिंबाच्या पुढचे बारके आकडे, एकेक करून. तो शून्यावर येईपर्यंत माझ्याशी कुणी बोललेलं मला ऐकू येत नाही.